बाबा, कॉइल चांगली होती

प्रिय बाबा,

काल मच्छीमार सोसायटीच्या सभेत मी आपल्या साऱ्या ढिवर टोलीसमोर खोटं बोललो. खरं काय ते एका तरी माणसाला सांगावंसं वाटतं, आणि जिवंत माणसांत कोणाला सांगायची सोय मी ठेवलेली नाही. म्हणून तुम्हाला लिहून राहिलो. तुम्ही कोणाजवळ बोलणार नाही, एवढं नक्की.

कालपासून टोली म्हणते, रघूचं इंजिन त्याच्या पोरानंच बिघडवलं, म्हणून रघू तलावात गेला. माय तेच समजते. करुणाही तेच समजते. त्यांना समजू द्या. पण तुम्हीही तसं समजून बसलात तर मला इथं राहणं कठीण जाईल.

माझा राग तुम्हाला माहीत आहे. आज राग नाही. असता तर बरं झालं असतं, कोणाच्या तरी अंगावर गेलो असतो. आता जायचं कोणाच्या अंगावर?

त्या इंजिनाचा तुम्हाला किती माज होता, बाबा! शेतातल्या पंपाचं जुनं इंजिन, माझ्या जन्माच्याही आधीचं, गोंदियाच्या भंगारवाल्याकडून तुम्ही उचलून आणलेलं. सुखदेव मिस्त्रीनं त्याला लांब दांडा आणि पंखा जोडला, डोंग्याच्या मागच्या फळीवर बसवलं, आणि बांधावर आपलाच एक डोंगा वल्ह्याशिवाय चालायला लागला. शालिककाका तुमच्या जोडीला जायचे आणि सारा वेळ चिडवायचे, "रघ्या, याच्या आवाजानं मासोया नवेगाव सोडून पळतीन बे." तुम्ही ऐकल्यासारखं करायचात आणि दोरी गुंडाळून असा हिसका द्यायचात की जसं काही बांधावरच्या साऱ्या लोकांनी पाहावं.

चैत्रात ते त्रास द्यायला लागलं. थंडं असलं की पहिल्या हिसक्यात सुरू. तलावाच्या मधोमध आलं की फटफट करून बंद. एक बिडी ओढून होईपर्यंत थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. तुम्ही कार्बोरेटर खोलून पाहिला, प्लग बदलला, शिव्या दिल्या. मग मिस्त्रीकडे नेलं.

मिस्त्रीचं बोलणं तुम्हाला आठवतं का? केसांना चमेलीचं तेल, कानावर पेन्सिल, आणि तोंडात स्वतःचीच तारीफ. "या बांधावर माह्यासारखा मिस्त्री झाला नाही, होणारबी नाही. तुमची कॉइल गेली, रघूभाऊ. तिच्या आत केसासारखी तार आहे. थंडी असली का चिपकून राहते, गरम झाली का आतल्या आत सुटते. मीटरवर लावली तर सती सावित्री, इंजिनावर चढली का बेइमान."

म्हणून तो कॉइल कधी थंडी तपासायचाच नाही. मुरमुऱ्याच्या भट्टीवरून बारीक रेती आणून ठेवलेली होती त्यानं. ती कढईत तापवायची, हात जेमतेम टेकेल इतकी. त्यात कॉइल पुरायची. मग बाहेर काढून बॅटरीची तार तिला टेकवायची आणि सोडायची. सोडली की प्लगच्या टोकाला ठिणगी उडली पाहिजे, निळी आणि जाड. पिवळी पडली, बारीक झाली, नाहीतर उडलीच नाही, तर ती कॉइल भंगारात. गोंदियाचे मोठे दुकानवाले मीटर लावून "ओके है, ले जाओ" म्हणायचे, आणि माणूस बसमधून परत यायच्या आत कॉइल पुन्हा बेइमान.

हे सगळं मला कसं माहीत, ते तुम्ही कधी विचारलं नाही. तुम्हाला वाटलं, कॉलेज सोडलेलं पोरगं दुकानावर टाइमपास करते. मी करुणासाठी जायचो, बाबा. मिस्त्रीची पोरगी, करुणा. दुकानाच्या मागच्या दारात बसून ती बारावीचा अभ्यास करायची. मी मुद्दाम रेती हळूहळू तापवायचो, म्हणजे वेळ लागेल. मिस्त्री ओरडायचा, "अंडे उबवतं का बे?" आणि ती पुस्तकात तोंड घालून हसायची.

कॉलेजात त्या मुलाच्या तोंडावर मी बुक्की मारली तीसुद्धा तिच्याचसाठी. काय बोलला तो तिच्या जातीवर, ते तुम्हाला लिहून दाखवणार नाही. माफी लिहून दे म्हणाले, मी लिहून दिली नाही, आणि बी.एस्सी.चं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. तुम्ही महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाहीत. कारण सांगितलं असतं तर बोलला असतात का? की आणखीच गप्प झाला असतात?

नवी कॉइल मिस्त्रीनं माझ्यासमोर बसवली. नवी म्हणजे दुसऱ्या इंजिनातली, पण पारखलेली. रेतीत मीच पुरली होती ती. ठिणगी करुणानंही पाहिली. तुम्ही डोंगा घेऊन तलावाला चक्कर मारून आलात आणि काठावरूनच ओरडलात, "मिस्त्री, मस्त!" तो फुगला होता त्या दिवशी.

मग ते वावधन आलं, ते वादळ.

मी अर्जुनीला बर्फ आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा बांधावर माणसं उभी होती आणि कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. बर्फाची पोती सायकलवरच होती, ती कोणी उतरवली ते मला आठवत नाही.

पुढचं शालिककाकांच्या तोंडून ऐकलं. त्यांनी ते इतक्या लोकांना सांगितलं की आता सांगताना त्यांचा आवाजही हलत नाही. पल्याडचं जाळं काढून तुम्ही दोघं निघालात. आभाळ काळं झालं. मधोमध इंजिन बंद पडलं. थांबून तुम्ही दोरी ओढली, सुरू झालं, जरासं चाललं, पुन्हा बंद. काका म्हणाले, "सोड त्याले, वल्हा घे." तुम्ही म्हणालात, "कॉइल गरम झाली बे, पुन्हा तेच. थंडी होऊ दे, चालते." वारा थांबला नाही. डोंगा पाण्यात बुडालेल्या झाडांच्या ठुठांवर जाऊन आदळला. काका फळीला धरून तरंगले. तुमच्या पायात जाळं होतं.

जन्म तलावात काढलेला माणूस तलावात बुडतो का, असं लोक मयतीला येऊन विचारायचे आणि स्वतःच उत्तर द्यायचे, जाळं पायात आलं का बुडते. मायला ते पुन्हा पुन्हा ऐकावं लागलं.

तुमचं ते शेवटचं वाक्य टोलीनं उचललं. कॉइल गरम झाली. कॉइल कोणी टाकली? मिस्त्रीनं. झालं. कोणी म्हणालं, भंगार कॉइल गळ्यात मारली. कोणी म्हणालं, "ढिवराच्या जिवाची त्या जयभीमवाल्याले काय किंमत?" हे बोलणाऱ्याच्या घरची पाण्याची मोटर मिस्त्रीनंच दोनदा चालू करून दिली होती. आणि मी? मी दुकानात शिरलो, शिव्या घातल्या, त्याचं मीटर उचलून रस्त्यावर फेकलं. एरवी तोंड बंद न ठेवणारा मिस्त्री त्या दिवशी एवढंच बोलला, "माही कॉइल गरम करून पाह्य. मेली तर मले मार. पण गरम करून पाह्य." करुणा दारातून आली, मीटरचे तुकडे वेचले, आणि आत गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याचं दुकान सोसायटीच्या खोलीत आहे. ती खोली रिकामी करून घ्यायची आणि बांधावरच्या कोणी त्याच्याकडे काम न्यायचं नाही, हे ठरवायला सभा बोलावली गेली. मीच छाती ठोकून सांगितलं होतं, सभेत ती कॉइल तापवून दाखवतो, मेलेली ठिणगी साऱ्यांनी डोळ्यांनी पाहावी. म्हणून सभेच्या आदल्या दिवशी घरी करून पाहायला घेतली.

इंजिन पाण्यातून काढल्यापासून अंगणात ताडपत्रीखाली पडलं होतं. कोणी हात लावला नव्हता. मी त्याचं चाक काढलं, खालची कॉइल काढली, दिवसभर उन्हात वाळवली. दुपारी अंगणातली चूल पेटवून कढईत रेती घातली. माय पडवीत जाळं शिवत बसली होती.

"काय भाजून राहिला बे?"

"कॉइल."

"खातं का तिले?"

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा ती असं काही बोलली, बाबा. मी हसलो पण. मग तार टेकवली, सोडली.

ठिणगी उडली. निळी.

मी रेती आणखी तापवली. कॉइल पुरली, काढली, तार लावली. पुन्हा निळी, पुन्हा जाड. इतकी तापवली की कॉइल फडक्यानं धरावी लागली. तरी तशीच. मला राग आला. खरंच सांगतो, ठिणगी उडते याचाच राग आला. मला ती मेलेली पाहिजे होती.

"मंग काऊन बंद पडला असन इंजिन?" मी मायला विचारलं नव्हतं, तोंडातून निघालं.

"मले काय पुसतं इंजिनाचा? माह्या हातून तर काई कसर नव्हती राहिली," ती जाळ्यातून मान न काढता म्हणाली. "सारा डोंगा उलटा करून डांबरली मी. एक फट ठेवली नाही. आदल्या दिवशी तर तुह्या बापाच्या टाकीचाबी होल बुजवली."

"कोणता होल?"

"झाकणाले होता ना, टाचणीएवढा. पेट्रोल उडून मासोयांवर पडे. बाजारात बायका हुंगून परत ठेवत. डांबर वाटीत उरलाच होता, बोटानं लावून टाकली."

"बाबाले सांगितली?"

"त्यात काय सांगाचा? होल दिसला तर बुजवाचा नाही का?"

आणि ती जाळं शिवत राहिली.

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडत अडत येतं, म्हणून दुकानदार वरून दुसरं भोक पाडतो, हे तुम्हाला मी शिकवायला नको. त्या झाकणाचं भोक तेवढ्यासाठीच होतं. पेट्रोल खाली जाईल तशी वरून हवा आत यायला. ते बुजलं की इंजिन थोडं चालतं, टाकीत हवा कमी पडते, पेट्रोल उतरायचं थांबतं, इंजिन बंद. थांबलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, पुन्हा सुरू. हुबेहूब गरम कॉइलचं सोंग. तुम्ही फसलात यात काही नवल नाही. मीही फसलो. सारी टोली फसली.

मायचं तरी काय चुकलं? आपल्या घरात भोक दिसलं की बोट आपोआप डांबराच्या वाटीत जातं. आज्यापासून आपण तेवढंच शिकलो आहोत, डोंग्यात भोक राहिलं तर माणूस राहत नाही. साऱ्या डोंग्यात उघडं राहायला पाहिजे असं एकच भोक होतं, आणि ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही सांगायला पाहिजे होतं, बाबा. इंजिन आणलं तेव्हा दोरी कशी ओढायची ते साऱ्या गावाला दाखवलंत. घरच्या बाईला ते भोक कशाला आहे एवढं दाखवलं असतं तर? आणि त्या वाऱ्यात एकदा, फक्त एकदा, पेट्रोल किती उरलं ते पाहायला झाकण फिरवलं असतं तर? हवा आत गेली असती आणि ते भंगार तुम्हाला काठापर्यंत घेऊन आलं असतं. पण तुम्ही कॉइल थंडी व्हायची वाट पाहत बसलात! तुमच्यावर एवढाच राग आहे. तो लिहून टाकला, आता नाही.

माय आत गेल्यावर मी टाकीजवळ गेलो. झाकणावर काळा ठिपका होता, बोटाच्या ठशासकट. सुईनं टोकरून काढला, पेट्रोलच्या फडक्यानं पुसला.

मग बसून विचार केला. मी विचार केला, हे तुम्हाला खोटं वाटेल.

कॉइल चांगली होती एवढंच सांगून गप्प बसलो असतो तर शालिककाकांनी लगेच विचारलं असतं, मग इंजिन बंद कशानं पडलं? नाहीच काही सांगितलं तर कोणी म्हणालं असतं, मिस्त्रीनं दुसरी काही खोड ठेवली असेल. त्याची खोली गेली असती. आणि खरं सांगितलं तर? "झाकणाचं भोक बुजलं होतं" एवढे शब्द मी सभेत बोललो असतो, कोणी बुजवलं ते न सांगता, तरी मायला कळलं असतं. तिला एकटीलाच कळलं असतं, आणि तेवढं पुरलं असतं. ती तलावाच्या काठावर राहणारी बाई आहे, बाबा.

म्हणजे दोष कोणाच्या तरी हातात द्यायलाच पाहिजे होता. मी कानस काढली आणि इंजिनाचे पॉइंट घासले. कॉइलला करंट सोडायचा की तोडायचा हे ते दोन ठोकळे ठरवतात. त्यांच्यातली फट बिघडली की इंजिन गरम झाल्यावर असंच बंद पडतं. मी ती फट बिघडवून ठेवली.

इंजिन उचलून सभेत नेलं. तिथं चुलीवर कढई ठेवली, रेती तापवली, कॉइल पुरली. साऱ्यांनी वाकून वाकून पाहिलं. ठिणगी उडली, निळी आणि जाड. मिस्त्री मागे भिंतीला टेकून उभा होता, तेल न लावलेल्या केसांनी. तो मला क्षणभर म्हातारा वाटला.

शालिककाका म्हणाले, "मंग काऊन बंद पडला इंजिन?"

मी म्हणालो, "मीच पॉइंट घासलो होतो. आदल्या दिवशी. चांगला चालन म्हणून. गॅप बिघडला माह्या हातून."

अध्यक्षांनी विचारलं, "रघूले सांगितलास?"

"नाही."

शालिककाका उठले. माझ्याजवळ आले. मला वाटलं मारतात. मारलं नाही. "तुहा बाप मले वल्हा घेऊ देत नव्हता बे," एवढं म्हणाले आणि सभेतून निघून गेले. मारलं असतं तर बरं.

मग मिस्त्री पुढे आला. माझ्या हातातून पॉइंटची पट्टी घेतली, उजेडात धरली, डोळा बारीक करून पाहत राहिला. मग खाली वाकला, टाकीच्या झाकणावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. आणि सरळ उभं राहून अध्यक्षांना म्हणाला, "हो. गॅप बिघडलेला आहे. कॉइलचा दोष नाही."

सभा उठल्यावर दुकानाच्या पायरीवर त्यानं मला बसवलं.

"पॉइंट कवा घासला?"

मी कढईतली रेती बोटांनी चाळत बसलो.

"पाण्यात बुडून महिनाभर पडलेला पॉइंट असा चमकते का बे? काल घासलास. आणि झाकणाले डांबराचा वास आहे." त्यानं तुमच्या घराकडे पाहिलं, बाबा. अंगणात माय सूप घेऊन तांदूळ पाखडत होती, पायरीवरूनही दिसत होती. "कोणाचा हात होता ते मले नको सांगू. मी पुसत नाही."

"तुम्ही साऱ्यांसमोर हो म्हटला."

"माही कॉइल चांगली होती ना? मले तेवढाच पाहिजे होता." मग म्हणाला, "पोरीले सांगू?"

"नका सांगू."

"ते तुले माफ करणार नाही. बापावर गेली आहे."

"माहीत आहे."

त्याच्यासारख्या माणसानं गप्प बसायचं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे.

करुणा संध्याकाळी भेटली. स्वतःच आली होती, बांधाच्या पाळीवर, साऱ्या टोलीला दिसेल अशी. पहिल्यांदाच असं उघड. आजवर मी किती वेळा म्हणालो असेन, ये, पाळीवर बसू. कधी आली नव्हती.

"म्हणजे तुले माहीत होता," ती म्हणाली. "महिनाभर माहीत होता."

मी पाण्याकडे पाहत राहिलो.

"माह्या बापाचा मीटर फेकला तवाबी माहीत होता. लोक जातीवर बोलत होते तवाबी. तू उभा राहून आयकत होता. स्वतःची चूक माह्या बापाच्या अंगावर घालून उभा होता."

एक वाक्य होतं, बाबा. जिभेवर आलेलं होतं. ती कोणाला सांगणारी पोरगी नाही. सांगितलं असतं तर ती तिथंच, पाळीवर, माझ्याजवळ बसली असती, हे मला जितकं नक्की माहीत आहे तितकं दुसरं काही नाही. पण उद्या तिचं माझ्या घरी येणं-जाणं झालं असतं. मायच्या हाताखाली तिनं भाकर थापली असती. एखाद्या दिवशी मायकडे पाहताना तिचे डोळे जरा वेगळे झाले असते, आणि माय काही आंधळी नाही. एका माणसाला माहीत असलं की ते घरात असतं. मिस्त्री आपल्या घरात येत नाही, म्हणून त्याचं चालून जाईल.

"बोल ना. काई तरी बोल," ती म्हणाली.

"तू म्हणतं तसाच आहे," मी म्हणालो.

ती तिरोड्याला मामाकडे जाणार आहे म्हणे, पुढं शिकायला. हे मला तिनं सांगितलं नाही, मिस्त्रीनं आज सकाळी रस्त्यात सांगितलं, दुसरीकडे पाहून.

माय बोलते, पण माझ्याशी नाही. ताट ठेवते, भात वाढते, मासोळीचा तुकडा मोठाच वाढते, हात मागे घेते. आज एवढंच म्हणाली, "हात कायले लावला बे त्याले?"

मी म्हणालो, "चुकलो."

"बापाले पुसाचा तरी."

ती आत जाऊन रडली. तुम्ही गेल्यापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. आधी नुसती बसून राहायची, स्वतःशी पुटपुटायची, काय राहून गेलं, काय राहून गेलं. आता ती तसं करत नाही. आता तिला माहीत आहे काय झालं, कोणी केलं. तो समोर बसून भात खातो आहे, त्याच्यावर रागावता येतं. रागावू द्या, बाबा. माझ्यावर रागावून ती जगेल. स्वतःवर रागावली असती तर तिला तिच्यापासून कोणी सोडवलं असतं?

मी कॉलेजात परत जात नाही. डोंग्याची फळी नवी बसवली आहे. शालिककाका माझ्यासोबत येणार नाहीत, कोणीच येणार नाही, एकटाच जाईन. इंजिन मिस्त्रीकडे दिलं आहे, पॉइंट नवे टाकायला. तीच कॉइल राहू द्या म्हटलं.

आज दुपारी माय डोंग्याजवळ बसली होती. माझ्याशी बोलत नाही, पण नव्या फळीच्या सांध्यावरून बोट फिरवून पाहत होती आणि बाजूला डांबराची वाटी होती. इंजिन परत आलं की ती टाकीही पाहील. झाकणाचं भोक दिसलं की बुजवील. माझ्यावर कितीही राग असला तरी बुजवील, कारण मी त्या डोंग्यात बसणार आहे.

तिला अडवणार नाही, बाबा. अडवलं तर का ते सांगावं लागेल. वचन एवढंच देतो. ती बुजवील आणि मी उघडीन. रोज, डोंगा काठापासून लांब गेल्यावर, ती घराकडे वळल्यावर. सुई खिशात असेल. परत येताना, काठ जवळ आल्यावर, पुन्हा थोडं डांबर लावून आणीन, म्हणजे तिला दिसेल की तिनं बुजवलेलं जसंच्या तसं आहे. आणि इंजिन मी बिघडवलं होतं, हे ती असेपर्यंत तसंच राहील. हा कागद चुलीत गेला की तुमच्यापाशीसुद्धा मी दुसरं काही बोलणार नाही.

तुमचाच,
दिनेश